न लागणारी कडी

सकाळचे सात वाजलेले असतात. समुद्र ओहोटीला लागलेला असतो, आपला डोळा पहाटे कुठे जरा लागलेला असतो, आणि तेवढ्यात दारावर थाप पडते. "साहेब, चहा!" आपण 'नको' म्हणायला तोंड उघडावे, तोवर दुसरी थाप. तिसऱ्या थापेला दार आपसूक आत येते, कारण रात्री खटपट करून लावलेली कडी मुळात लागलेलीच नसते. ट्रे घेतलेला पोरगा उंबऱ्यात, आपण पांघरुणात. तो ओशाळतो, आपणही ओशाळतो. मग आपणच समजुतीने म्हणतो, "ठेव बाबा तिथे." किनाऱ्यावरच्या हॉटेलांत राहून आलेल्या कुणालाही असा एखादा प्रसंग आठवेल. दिवेआगर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली. गाव बदलते, थाप तीच.

त्या पोराचे चुकले काय? काहीच नाही. चहा गरम असताना पोचला पाहिजे, एवढेच त्याला सांगितलेले असते. चहा घेऊन तो गेला की टॉवेल बदलणारा येतो, मग जेवणाची ऑर्डर विचारणारा, मग गिझर चालतोय का ते बघणारा. आपल्या पाहुणचाराला आग्रह येतो, विचारपूस येते, वाढणे येते. पाहुण्याला थोडा वेळ त्याच्या त्याच्यावर सोडून देणे मात्र त्याला अजून नीटसे जमलेले नाही. घरी आलेल्या पाहुण्याला एकटे बसू देणे आपल्याकडे कमीपणाचे मानले जाते. तीच रीत हॉटेलात आली आणि तिचे दर ठरले.

'अतिथी देवो भव' हे वाक्य स्वागतकक्षाच्या भिंतीवर हमखास असते. पण देवाचे तरी आपण काय करतो ते पाहावे. रात्री शेजारती झाली की गाभाऱ्याची दारे बंद होतात आणि काकडआरतीपर्यंत देवाला कुणी हाक मारत नाही. पंढरपुरात आषाढीच्या यात्रेत विठ्ठलाचा पलंग काढून ठेवतात, दर्शन अहोरात्र सुरू राहते. पण ही अपवादाची सोय आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते, देवाचा शीण जावा म्हणून त्याला काढा दाखवतात, आणि पलंग पुन्हा जागेवर येतो. सतत कुणाच्या तरी नजरेसमोर राहिले की थकवा येतो, देवालासुद्धा येतो, हे ज्या समाजाने इतक्या प्रेमाने ओळखले, त्याच समाजात दोन दिवसांच्या विसाव्याला आलेल्या माणसाचा पलंग मात्र कायमचाच काढलेला असतो.

आता त्या कडीकडे वळू. ती का लागत नाही, याला निष्काळजीपणाइतकेच समुद्राचेही कारण आहे. लाट फुटते तेव्हा तुषार हवेत उडतात, त्यातले पाणी सुकते आणि मिठाचे बारीक कण वाऱ्याबरोबर आत येतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक पातळ थर जवळपास कायम बसलेला असतो, आणि मिठातले क्लोराइड धातूवरचे संरक्षक कवच फोडत राहते. कडी, कोयंडा, आल्ड्रॉप, बिजागऱ्या, एसीच्या बाहेरच्या यंत्राच्या जाळ्या, सगळ्यांचे आयुष्य घाटावरच्यापेक्षा इथे कमी. त्यात पावसाळ्यात दाराचे लाकूड फुगते. सुतार येऊन रंधा मारतो, दार लागू लागते. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसते आणि फटीतून बोट जाईल एवढी जागा उरते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ दर्जाचे स्टील किंवा चांगले पितळ खाऱ्या हवेत बरेच टिकते, पण ते महाग. पाहुण्याच्या डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंवर, म्हणजे दारातल्या शंखशिंपल्यांवर, झोपाळ्यावर, दिव्यांच्या माळांवर खर्च होतो. कडी शेवटी येते.

पुरुषांच्या गप्पांत ही कडी विनोदाचा विषय असतो. बाईच्या बाबतीत तसे होत नाही. खोलीत शिरल्यावर ती आधी कडी लावून पाहते, मग न्हाणीघराच्या झरोक्याकडे बघते, त्यावर टॉवेल अडकवते. रात्री सामानाची बॅग किंवा खुर्ची दाराला टेकवून ठेवते. आरशामागे, दिव्याच्या खोबणीत, धूर ओळखणाऱ्या छतावरच्या डबीत काही लपवलेले नाही ना, याचीही अलीकडे तपासणी होते. बाईला तिच्या नकळत असे पाहणे वा तिचे चित्रण करणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो ७७ व्या कलमाखाली येतो. कायदा आहे, ही चांगलीच गोष्ट. पण सुट्टीला आलेल्या बाईला पहिली दहा मिनिटे पहारेकऱ्यासारखी काढावी लागतात. त्याच वेळी तिच्याबरोबरचा माणूस बाल्कनीत उभा राहून "अगं, ये ना, काय मस्त वारा आहे!" म्हणत असतो. एकाच खोलीचे भाडे दोघांना असे वेगवेगळे पडते.

दार कसेबसे लागले तरी भिंतींचे काय? कोकणातली जुनी घरे जांभ्या चिऱ्याची. जाड भिंती, कौलारू छप्पर, पुढे ओटी, मग माजघर, मागे परसू. बाहेरचा माणूस कुठवर येणार हे घराची रचनाच ठरवून देई. आलेल्याने ओटीवर बसावे, ओळखीच्याने माजघराच्या उंबऱ्यापर्यंत जावे, त्यापुढे घरच्यांनीच. हॉटेलच्या बांधकामात ही पायरी-पायरीची समज राहत नाही. एका मजल्यावर जास्तीत जास्त खोल्या बसवायच्या म्हणून मधल्या भिंती चार इंची. काही ठिकाणी त्या नकली छतापर्यंतच येऊन थांबतात, आणि वरच्या पोकळीतून एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत सहज उतरते. दोन न्हाणीघरांचे झरोके एकाच अरुंद पोकळीत उघडतात. भिंतीला कान असतात असे म्हणतात. चार इंची भिंतीला तोंडही असते. शेजारच्या खोलीतल्या मुलाने होमवर्क केलेला नाही, त्याच्या आजोबांना मासे बाधले आहेत आणि त्याच्या आईवडिलांचे कालपासून बोलणे बंद आहे, हे सगळे न विचारता कळते. आपलेही तिकडे कळत असणारच, या जाणिवेने मग आपण कुजबुजू लागतो. मोकळे व्हायला आलेली माणसे कुजबुजत सुट्टी काढतात.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून येतो, रात्री जमीन लवकर निवते म्हणून तो जमिनीकडून समुद्राकडे जातो. त्या धड्याचा अनुभव किनाऱ्यावरच्या खोलीत येतो. संध्याकाळी पडदे फडफडत असतात, अंग सुखावते. मग दोन्ही वाऱ्यांच्या मधला तास येतो. पान हलत नाही, चादर अंगाला चिकटते, उशी दमट लागते. त्यानंतर जमिनीकडचा वारा सुटतो आणि सोबत हॉटेलच्या मागच्या अंगाचे सगळे घेऊन येतो: भटारखान्यातला फोडणीचा खकाणा, जनरेटरचा धूर, आणि पलीकडच्या लॉनवर वाढदिवस साजरा करणाऱ्यांचे गाणे. खिडकी उघडी ठेवली तर एकांत जातो, बंद केली तर हवा जाते. आराम आणि खाजगीपणा यांतले एकच निवडा, असे ती खिडकी रात्रभर सांगत असते.

खिडकीचा आणखी एक पेच आहे. जाहिरातीत शब्द असतात 'सी फेसिंग' आणि 'बीच टच'. किनाऱ्यावर बांधकाम कुठवर यावे याचे नियम १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने घातले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा होता. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी तो ५० मीटरवर आणण्याची मुभा दिली. ग्राहकाला समुद्र जितका जवळ, तितके भाडे जास्त. पण किनारा सगळ्यांचा असतो. पहाटे चालायला येणारे, घोडागाडीवाले, शहाळेवाले, सहलीच्या बसमधून उतरलेली शाळा, सगळ्यांची वाट तिथूनच. म्हणजे 'बीच टच' खोली ही रस्त्याला लागून असलेलीच खोली. रस्ता वाळूचा आहे एवढेच.

या खोलीला समोरून पूर्ण काच लावलेली असते. दिवसा बाहेर उजेड जास्त आणि आत कमी, त्यामुळे आपण समुद्र पाहतो आणि बाहेरच्याला काचेत आकाशच दिसते. दिवेलागण झाली की हिशेब उलटतो. आत दिवा लागतो, काचेत आपल्याला आपलेच प्रतिबिंब दिसू लागते, आणि वाळूवर बसलेल्यांना आपली अख्खी खोली. दिवसा पुरेसा वाटलेला झिरझिरीत पडदा रात्री असून नसल्यासारखा होतो. ज्या काचेसाठी जास्त पैसे मोजले, तिच्यावर मग जाड पडदा ओढून आपण भिंतीकडे तोंड करून बसतो. बिलात मात्र समुद्र लागलेलाच असतो.

काचेची ही हौस न्हाणीघरापर्यंतही पोचली आहे. मोठ्या शहरांतल्या हॉटेलांचे बघून किनाऱ्यावरच्या नव्या रिसॉर्टांनीही खोली आणि न्हाणीघर यांच्यामध्ये काचेची भिंत आणली. दोघांसाठी ती कदाचित गंमत असेल. पण मराठी कुटुंब सहलीला निघते तेव्हा सोबत सासूबाई असतात, दहावीतला मुलगा असतो, आणि एका खोलीत 'एक्स्ट्रा गादी' टाकून सगळ्यांना बसवायचे असते. मग आंघोळीच्या वेळी बाकीच्यांनी व्हरांड्यात जाऊन समुद्र बघायचा, अशी पाळी लावली जाते. खोलीचा आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे जोडपे होते, ते आपल्याकडे सहसा एकटे येतच नाही.

आणि खरे सांगायचे तर खाजगीपणाची आपली टंचाई हॉटेलात सुरू होत नाही. ती आपण घरून बरोबर नेतो. राजा ठाकूर यांचा 'मुंबईचा जावई' हा चित्रपट १९७० चा. मुंबईच्या चाळीतल्या गजबजलेल्या घरात नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, हाच त्यातला पेच. प्रेक्षक हसले, कारण दहा बाय बाराच्या खोलीत तेही तसेच राहत होते. अशा घरांतल्या जोडप्यांना मुंबईने आपला समुद्र दिला. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस, वांद्र्याचा बँडस्टँड. संध्याकाळी कठड्यावर हातभर अंतराने जोडपी बसलेली असतात, तोंड पाण्याकडे, पाठ शहराकडे. मागून शेकडो माणसे चालत असतात. चणेवाला जातो, फुगेवाला जातो, पळायला आलेले जातात. शेजारचे जोडपे शेजारच्याकडे बघत नाही, चालणारा मान वळवत नाही. तिथे भिंत नाही, दार नाही, कडी नाही, भाडे नाही. तरी प्रत्येक जोडप्याभोवती एक खोली उभी असते आणि ती इतरांच्या न बघण्याने बांधलेली असते.

त्याच शहराच्या दुसऱ्या किनाऱ्यावर याच्या अगदी उलट घडले. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ आणि आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले. सुमारे चाळीस जोडप्यांना खोल्यांतून बाहेर काढून पोलीस ठाण्यात नेले. ती सज्ञान होती, त्यांनी खोलीचे पैसे भरले होते, नोंदवहीत नाव लिहिले होते, दार लावले होते. अनेकांना दंड झाला तो पोलीस कायद्याच्या ११० व्या कलमाखाली. हे कलम सार्वजनिक ठिकाणच्या असभ्य वर्तनासाठी आहे. बंद दाराआडची खोली 'सार्वजनिक' कशी झाली, या प्रश्नावर शहरात गदारोळ उठला, आणि तेव्हाचे पोलीस आयुक्त राकेश मारिया यांनी चौकशीचे आदेश दिले. इथे सगळेच होते: भिंत, दार, कडी, पावती. नव्हता तो फक्त पलीकडच्या माणसाचा संयम. कठड्यावरच्या उघड्या जोडप्याला जे मिळाले, ते बंद खोलीतल्या जोडप्याला मिळाले नाही.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली की एक गोष्ट उलगडते. कडीने बंदिस्तपणा मिळतो. एकांत मात्र दुसऱ्याने द्यावा लागतो. तो विकत घेता येतो अशी आपली समजूत हॉटेलांच्या जाहिरातींनी पक्की केली, आणि म्हणून तो मिळाला नाही की आपण खोलीचा दर्जा वाढवत जातो. जास्त तारे, जास्त भाडे, जास्त उंच कुंपण. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या वेळी पर्थमध्ये विराट कोहलीच्या हॉटेलच्या खोलीत, तो बाहेर असताना, कुणीतरी शिरून त्याच्या वस्तूंचे चित्रण केले आणि ते जगभर फिरले. त्याने जाहीर नाराजी व्यक्त केली, हॉटेलने माफी मागितली. त्या खोलीची कडी तर नक्कीच गंजलेली नव्हती. तिला उघडायचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याची नियत तेवढी सैल निघाली.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे आणि तो संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जीवन व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीतच आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी हे प्रकरण न्यायालयात नेले ते आधार योजनेच्या संदर्भात. २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानेही एका प्रकरणात स्पष्ट केले, की विवाह न झालेल्या दोन सज्ञान व्यक्तींनी हॉटेलात एका खोलीत राहण्यास बंदी करणारा कायदा नाही. निकाल आले, पण काउंटरवरचे वातावरण किती बदलले? "लोकल आयडी चालणार नाही" अशा पाट्या अजून दिसतात. नोंदवही काउंटरवर उघडी असते. आपले नाव लिहिताना वरच्या दहा जणांची नावे, गावे आणि मोबाइल नंबर वाचायला मिळतात, आणि आपल्या नंतरच्या दहा जणांना आपले. आधारची झेरॉक्स मागितली जाते, पंचिंग मशीनखाली जाते, फाइलमध्ये बसते. त्या फाइलचे पुढे काय होते, हे विचारावेसे आपल्यालाही वाटत नाही. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका पत्रकात, परवाना नसलेल्या हॉटेलांनी आधारच्या प्रती गोळा करू नयेत, लोकांनी शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्यावी, असे म्हटले होते. गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत ते पत्रक मागे घेण्यात आले. झेरॉक्स मशीन त्या दोन दिवसांतही चालूच होते.

इथवर आपण पाहुण्याच्या बाजूने बोललो. किनाऱ्यावर मात्र आणखी एक माणूस राहत असतो. आपल्या नकाशात त्याचे घर नसते, पण आपण त्याच्याच घरात उतरलेले असतो. पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेने आणि तिच्या आधी-नंतरच्या घरगुती सोयींनी कोकणातल्या कितीतरी कुटुंबांना हाताशी चार पैसे दिले, हे चांगले झाले. त्याची किंमत काय पडते, ते नाताळच्या गर्दीत दिसते. पुढच्या दोन्ही खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, घरची माणसे पडवीत. शाळेत जाणारी मुलगी स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला पुस्तक टेकवून बसलेली. पाहुणे 'जुने घर बघू या' म्हणत थेट माजघरात शिरतात. आजी चुलीपुढे भाकरी थापत असते. तिला न विचारताच मोबाइल तिच्या चेहऱ्यासमोर येतो. आगरातून मागीलदारी न्हायला जाणारी बाई वर ड्रोनची घरघर ऐकून थबकते. नारळी-पोफळीच्या झाडांनी, वईने आणि गडग्याने तिला जे आडोसे दिले होते, ते सगळे जमिनीवरून बघणाऱ्यासाठी होते. आकाशातून कुणी बघेल, हे त्या वई घालणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

मालवणकडे सकाळी रापणीचे मोठे जाळे ओढले जाते. गावची माणसे एका लयीत दोर खेचत असतात. त्यांचे ते काम असते, अंगावर कामाचे कपडे, तोंडात कामाच्या शिव्या. भोवती कडे करून आपण चित्रण करतो, कुणी मध्ये घुसून दोराला हात लावून फोटो काढून घेतो. आपल्या कचेरीत, आपण घाईत आणि घामात असताना अनोळखी माणसे टेबलाभोवती उभी राहून असे शूटिंग करू लागली, तर आपण सुरक्षारक्षकाला बोलावू. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरवर निर्बंध घातले, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठरवली. वाळूवर गाडी आडवी लावून डिकीतला स्पीकर चालू करणाऱ्याला हा भाग निवासी वाटतच नाही. त्याच्या दृष्टीने तो 'स्पॉट' असतो. पाचशे पावलांवर पहाटे होडीवर जाणारा माणूस झोपायचा प्रयत्न करत असतो, हे त्याने पाहिलेल्या जाहिरातीत कुणी लिहिलेले नसते.

म्हणजे जी तक्रार आपण हॉटेलबद्दल करतो, तीच गावाची आपल्याबद्दल आहे. न विचारता आत येतात, मोठ्याने बोलतात, बघत राहतात. सात वाजता दार ढकलणाऱ्या पोरावर आपण चिडतो. त्याच्या आजीच्या माजघरात दुपारी आपण शिरतो तेव्हा ती चिडत नाही, कारण पाहुण्याला बोलायचे नाही अशी तिला ताकीद आहे आणि सीझनच्या चार महिन्यांवर पुढचे आठ महिने काढायचे असतात. दोघांचेही दार उघडेच आहे. आपल्याला तक्रार करता येते, तिला येत नाही.

यावर उपाय मोठे नाहीत, आणि बरेचसे फुकटचे आहेत. हॉटेलवाल्याने रात्रीच विचारून ठेवावे, "सकाळी चहा किती वाजता आणू, की फोन केल्यावर आणू?" दारावर थाप मारून आतून 'या' म्हणेपर्यंत थांबायला नव्या पोराला शिकवावे, त्याला एका सकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही. शंखशिंपल्यांच्या माळेआधी पितळी कडी घ्यावी. नोंदवही आपल्या बाजूला फिरवून ठेवावी. झरोक्याला साधी जाळी आणि पडदी लावावी, काचेला जाड पडदा. पाहुण्याने कागदाच्या प्रतीवर तारीख आणि कारण लिहून द्यावे, चेहऱ्याचा फोटो घेण्याआधी नाव विचारावे, आणि दहा वाजले की आपला आवाज आपल्या चार भिंतींत मावेल एवढा करावा, त्या चार इंची आहेत हे ध्यानात ठेवून.

न्यायालयाने हक्क दिला तो राज्यसंस्थेसमोर उभे राहण्यासाठी. एकमेकांसमोर तो रोज आपल्याला द्यावा-घ्यावा लागतो, आणि त्याची सवय कुठल्याही निकालाने लागत नाही. मुंबईच्या कठड्यावर ती कुणी शिकवली नाही. जागा कमी होती, गरज सगळ्यांची सारखी होती, म्हणून माणसांनी ती आपसांत ठरवून टाकली. सुट्टीला गेल्यावर ती सुटते, कारण पैसे भरले की आपण गिऱ्हाईक होतो आणि समोरचा माणूस सेवेचा भाग होतो. सेवेला खाजगी आयुष्य असते, हे लक्षात ठेवायला जरा कष्ट पडतात.

हॉटेल सोडले की फोनवर विचारणा येते: खोली कशी होती, नाश्ता कसा होता, किती तारे द्याल? द्यावेत, मनापासून द्यावेत. रात्री शांत झोप लागली का आणि दार विचारून उघडले जात होते का, हेही त्यात आवर्जून लिहावे, म्हणजे पुढच्या मालकाला कडीचे महत्त्व कळेल. पण त्या गावालाही आपल्याविषयी अभिप्राय द्यायची अशीच सोय असती, तर त्याने आपल्याला किती तारे दिले असते, याचा हिशेब गाडीत बसण्यापूर्वी एकदा करून पाहायला हरकत नाही.